नवं ते खरं

१

त्याला सगळे पोस्टमन म्हणत, पण आयुष्यात एकही पत्र त्याने कुणाच्या दारात टाकलं नव्हतं. विमा कंपनीचे पाहणीवाले जिथे मोडतोड झाली असेल तिथले फोटो काढत. धडकलेल्या गाड्या, फोडलेली घरं, जळलेली दुकानं. ते फोटो घरच्या कॉम्प्युटरवर घ्यायचे, त्यांना नंबर घालायचे आणि दूरच्या सर्व्हरवर चढवायचे, एवढंच त्याचं काम. सर्व्हर कुठल्या गावात आहे हे अकरा वर्षांत त्याने विचारलं नव्हतं. "उंटावरून शेळ्या हाकतोस झालं," असं त्याची ताई म्हणायची.

ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता. तिने स्वतःचं लग्न बाजूला ठेवून त्याला वाढवलं, आणि आता तिचे गुडघे धरले म्हणून तो तिचं करत होता. करताना कुरकुरायचा, पण करायचा. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या तीन खोल्या. पुढच्या खोलीत ताईची खुर्ची, मधल्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर, मागे स्वयंपाकघर.

कामाच्या प्रोग्रामचे पडद्यावर दोन भाग दिसत. डावीकडे आपलं मशीन, उजवीकडे त्यांचा सर्व्हर. एका बाजूला असलेली फाईल दुसऱ्या बाजूला नसली तर ती आपसूक तिकडे जायची. एकाच नावाची दोन्हीकडे असली की प्रोग्राम विचारायचा, कुठली ठेवू? पहिल्याच आठवड्यात वैतागून त्याने 'नवी असेल ती ठेव' असं सांगितलं आणि 'पुन्हा विचारू नकोस' या चौकोनात खूण करून टाकली. घरात ताईचा कायदा चालायचा, जुनं ते सोनं. मधल्या खोलीत त्याचा कायदा होता, नवं ते खरं.

त्या मंगळवारी सकाळी त्याने एका चोरी झालेल्या घराचे एक्केचाळीस फोटो चढवले आणि चहा प्यायला. परत येऊन बघतो तर उजवीकडे बेचाळीस. पाहणीवाल्या साहेबांनी एखादा परस्पर चढवला असेल असं त्याला वाटलं. बेचाळीस नंबर डावीकडे यायला लागलाही होता. लाईन त्या दिवशी मंद होती. साठ टक्के, सत्तर टक्के. पुढच्या खोलीत ताई भांड्यांचं काचेचं कपाट पुसत गुणगुणत होती. पट्टी भरली, शंभर झाले, आणि त्याच क्षणी पुढच्या खोलीत असा आवाज झाला की त्याच्या हातातला कप खाली पडला.

कपाटाच्या दोन्ही काचा फुटल्या होत्या. नुसत्या तडकल्या नव्हत्या, कोणीतरी दात-ओठ खाऊन फोडाव्यात तशा फोडल्या होत्या. आतली फळीसुद्धा मधोमध चेचलेली. ताई भिंतीला टेकून उभी होती. कपाळावरून रक्ताची धार नाकाच्या बाजूने हनुवटीपर्यंत आली होती.

"मी हातसुद्धा लावला नव्हता रे," ती म्हणाली. "तूच काहीतरी ठोकलंस का पलीकडून?"

"मी कशाला ठोकू? मी बसलो होतो."

त्याने जखम धुतली, पट्टी बांधली. काच उन्हाने तडकते, जुनी असली तर जास्तच, असं त्याने तिला समजावलं. स्वतःलाही तेच समजावत तो मधल्या खोलीत आला आणि बेचाळीस नंबर उघडला. फोटोत त्यांचंच कपाट होतं, फुटलेलं. काचा जमिनीवर पडून निवांत झालेल्या. आणि कोपऱ्यात भिंतीला टेकलेली ताई, हनुवटीपर्यंत रक्त. कपाट फुटायच्या सात मिनिटं आधीची वेळ फाईलवर होती.

२

सर्व्हरची देखभाल करणाऱ्याला तो कोतवाल म्हणायचा. अकरा वर्षांत दोघं एकमेकांना भेटले नव्हते, पण फोनवर थट्टा चालायची.

"कोतवाल, बेचाळीस नंबर कोणी चढवला?"

"तुम्हीच की. अकरा वीसला. तुमच्या नावाने, तुमच्या मशीनवरून."

"माझ्याकडे तो नव्हताच. तुमच्याकडून इकडे आला."

"पोस्टमन, चार दिवस रजा घ्या. डोकं थकलंय तुमचं."

"नीट बघा हो."

पलीकडे बटणं वाजली. मग कोतवाल हसला. "एक गंमत आहे. प्रत्येक फाईलपुढे लिहिलेलं असतं, मूळ कुठली आणि प्रत कुठली. तुमच्या मशीनपुढे 'प्रत' पडलंय."

"मग मूळ कोण?"

"तिथेही तुमचंच मशीन लिहिलंय. तुमच्याकडे तुम्ही दोघं आहात वाटतं!"

तो हसला नाही. कोणीतरी खोड्या काढतोय, मशीनमध्ये शिरलाय, असं त्याने ठरवलं. फोटो बनवता येतात. त्याच्या हातून असे कितीतरी बनवलेले फोटो गेले होते. लोक गाडीला मुद्दाम पोचे काढतात आणि विमा मागतात. पण ताईच्या कपाळावरची पट्टी बनवलेली नव्हती, आणि तो फोटो ज्या उंचीवरून काढलेला होता ती बरोबर त्याच्या डोळ्यांची उंची होती. हे त्याने खोलीच्या मधोमध उभं राहून पाहिलं आणि पाहिल्याचा त्याला पश्चात्ताप झाला.

३

बुधवारी दुपारी एकच्या सुमारास त्रेचाळीस नंबर निघाला. ताई न्हाणीघरात होती.

या वेळी त्याने वाट पाहिली नाही. अर्धवट आलेली फाईलसुद्धा उघडता येते. जेवढी आली असेल तेवढा वरचा भाग दिसतो, खालचा करडा. त्याने उघडली. स्वयंपाकघराचं छत दिसलं, मग माळ्यावरचे डबे, मग दाराची वरची चौकट. वरची बिजागरी उपटून निघालेली होती. त्याने मान वळवून खऱ्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. धाड, असा एक आवाज झाला आणि दाराची वरची बिजागरी त्याच्या डोळ्यांदेखत लाकडाचा लचका घेऊन बाहेर आली. खालची अजून जागच्या जागी होती. दार दारुड्यासारखं एका अंगावर कललं. तिथे कोणी नव्हतं.

त्याने रद्दचं बटण दाबलं. आकडा चौतीसचा पस्तीस झाला. त्याने वाकून मागची तार उपटली. तार त्याच्या हातात लोंबत होती आणि पडद्यावर छत्तीस आले. धाड. दारालगतच्या फळीवरचा एक डबा चेचला गेला, पत्रा आत गेला आणि झाकण उडून त्याच्या पायाशी आलं. मशीन बंद केलं तर आकडा दिसायचा बंद होईल, एवढंच, हे त्याला कळलं. तो तार धरून तसाच बसून राहिला. मार वरून खाली येत होता, फोटो उलगडत होता त्याच चालीने. फळी, मग कडी, मग दाराचं मधलं पान. प्रत्येक ठोक्यात जोर होता, आणि घाई अजिबात नव्हती. रोजचं काम करणारा माणूस असाच ठोकतो.

शंभर झाल्यावर शांतता पसरली. दार आडवं पडलं होतं. बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर रक्ताने भरलेला एक पंजा उमटला होता, ओला. करंगळी वाकडी होती.

त्याची करंगळी लहानपणी दाराच्या फटीत सापडून वाकडी झाली होती. असू नये तशी शंका मनात आली की माणूस ती खोटी ठरवायला धावतो. तो उठला आणि त्याने आपला उजवा पंजा त्या ठशावर ठेवून पाहिला. बोटाला बोट बसलं.

"काय चाललंय हे?"

ताई काठी टेकत न्हाणीघराच्या दारात उभी होती. तिने पडलेलं दार पाहिलं, चेचलेले डबे पाहिले, आणि भिंतीवर रक्ताळलेला हात ठेवून उभा असलेला आपला भाऊ पाहिला.

"मी नाही केलं, ताई."

"मग कोणी केलं? मी आत होते. ठोकल्याचा आवाज ऐकत होते मी मघापासून."

त्याने तिला सगळं सांगितलं. बेचाळीस, त्रेचाळीस, तार, टक्के. बोलताना त्याचं त्यालाच कळत होतं की हे कोणाला पटणार नाही. ताईने मधे तोंड घातलं नाही, आणि हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं. शेवटी तिने ओल्या फडक्याने त्याचा हात पुसला, एकेक बोट, लहानपणी पुसायची तसा.

"जखम तर कुठेच नाही," ती हळूच म्हणाली. "रक्त कुणाचं मग?"

त्या दिवशी ताईने कपाटातला हातोडा काढून आपल्या गादीखाली ठेवला. त्याने तो पाहिला आणि आपल्या टेबलावर आणून ठेवला. घरात कोणी आलंच तर हाताशी काहीतरी हवं.

४

गुरुवारी चव्वेचाळीस नंबर आला. फाईल अवाढव्य होती. प्रोग्राम सांगत होता, अजून दोन तास पन्नास मिनिटं. तीन टक्क्यांत मधल्या खोलीचं छत दिसलं. त्याने फोटोची एकूण लांबी पाहिली, कॅमेऱ्याचा कोन पाहिला. कितीतरी वर्षं मोडतोडीचे फोटो लावण्यात गेली होती. खाली काय येणार हे त्याला वरूनच कळायचं. छत, मग पंखा, मग मधल्या दाराची चौकट, आणि त्या दारातून पुढच्या खोलीतली ताईची खुर्ची.

"चल, खाली जाऊ," तो म्हणाला.

"माझे गुडघे बघ आणि जिने बघ."

"ताई, मी पाया पडतो."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काठी घेऊन उठली. तळमजल्यावर शिंपीकाकांचं दुकान होतं. उंच, वाळलेला माणूस; ताईचे ब्लाउज तीस वर्षं तेच शिवत होते. त्यांनी ताईला स्टूल दिलं, याला पाणी दिलं. फोनवरही प्रोग्राम दिसत असे. त्याने चव्वेचाळीस उघडला. छत बदललं होतं. आता तिथे शिंप्याच्या दुकानाचं छत होतं, लोंबणारा दिवा, आणि कापडांच्या गठ्ठ्यांची वरची फळी, अर्ध्यातून मोडलेली.

"काका, बाजूला व्हा!"

तो फळीकडे धावला, हात वर करून. फळी त्याच वेळी खाली आली. तिच्यावरची कोळशाची जुनी लोखंडी इस्त्री शिंपीकाकांच्या खांद्यावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. काका आधी ओरडले नाहीत, खाली बसले, आणि मग ओरडले. शेजारचे धावले. कोणी रिक्षा आणली.

"तू हात कशाला लावलास रे फळीला?" काका विव्हळत म्हणाले. "काय वाईट केलं होतं मी तुझं?"

ताई स्टुलावरून भावाकडे बघत होती. तिला राग आलेला नव्हता. तिला त्याची भीती वाटत होती. आपल्या ताईला आपली भीती वाटावी, यापेक्षा फळी आपल्या डोक्यात पडली असती तर बरं, असं त्याला झालं.

ती जाईल तिथे फोटो येणार, हे आता उघड होतं. आपल्यापायी आणखी कोणाचं हाड मोडायला नको. त्याने तिला परत वर नेलं. जिन्यात मधल्या मजल्यावर दम खायला ती थांबली आणि त्याचा दंड धरून म्हणाली, "हे बघ, मी कोणाला काही सांगणार नाही. आपण डॉक्टरकडे जाऊ. तू मला काही करणार नाहीस, मला माहीत आहे."

"मी काही करत नाहीये, ताई."

"बरं," ती म्हणाली. लहान मूल खोटं बोललं की म्हणायची, तसंच.

५

तीन वाजून चाळीस मिनिटं. सत्तेचाळीस टक्के.

ताई पुढच्या खोलीत खुर्चीत बसली होती, तो मधल्या खोलीत. फोटोत पुन्हा हीच खोली आली होती आणि मार त्याच्या डोक्यावर चालू झाला होता. पंख्याचं एक पातं वाकलं, दुसरं तुटून भिंतीत रुतलं. चौकटीवरचा गिलावा ठोक्यागणिक सुटत होता. एक टवका त्याच्या कानामागे लागला आणि मान ओली झाली. धाड. एकोणपन्नास. पलीकडून ताईचा आवाज आला, "पुरे कर रे! पुरे कर आता!" ती रडत होती.

विचार कर, असं तो स्वतःला बजावत होता. पुसता येत नाही, थांबवता येत नाही. अकरा वर्षांत या मशीनने त्याचा एकच हुकूम कधी मोडला नव्हता, आणि तो हुकूम त्यानेच दिलेला होता. नवी असेल ती ठेव.

त्याला इतकं सोपं वाटलं की हसू आलं. पाहणीवाले कधी जुना फोटो पाठवत आणि सर्व्हर तो नाकारी. तेव्हा फाईलची तारीख पुढची टाकायची आणि पुन्हा चढवायची, ही या धंद्यातली चोरवाट होती. चव्वेचाळीस हेच नाव द्यायचं. फोटो ताईचा, धडधाकट, खुर्चीत बसलेल्या ताईचा. तारीख उद्याची, दुपारी चारची. म्हणजे उद्या चारपर्यंत त्याहून नवं काही असूच शकणार नाही. तोवर पुढचं सुचेल.

सत्तावन्न. फोटोत दाराच्या चौकटीपलीकडे पांढऱ्या केसांचा भांग दिसायला लागला.

तो धावत पुढच्या खोलीत गेला. अंगभर गिलावा, मानेवर रक्त. खिडकीकडे पाठ करून त्याने फोन डोळ्यांसमोर धरला. ताई खुर्चीत मागे सरकली.

"अरे, तो..." ती म्हणाली.

त्याने बटण दाबलं. मागे वळून पाहिलंही नाही. फोटो मशीनवर घेऊन नाव बदललं, तारीख टाकली, चढवला. फोनचा फोटो तो, दोन सेकंदांत गेला. अठ्ठावन्नवर आकडा थांबला. वर उचललेला ठोका पडलाच नाही. घरात इतकी शांतता झाली की त्याला आपल्याच श्वासाचा आवाज त्रासदायक वाटला.

"ताई!" तो ओरडला. त्याला रडू फुटलं होतं. "ताई, जमलं गं! वाचलीस!"

ताईने ओ दिली नाही.

६

ती खुर्चीत मागे सरकलेली होती. तोंड अर्धवट उघडं, 'तो'वर थांबलेलं. पट्टीखालून ओघळलेला रक्ताचा थेंब भुवईवर टांगलेला होता, पडत नव्हता. डोळे उघडे होते. त्याने हात धरला. हात कोमट होता, नाडी लागत नव्हती. खांदा हलवला तर हलेना. जोर लावला तर खुर्चीसकट सगळं जमिनीत रोवल्यासारखं. पदराची कडा हवेत उचललेली होती आणि तिची घडीसुद्धा त्याला मोडता आली नाही.

नवं ते खरं. त्याने उद्याचा फोटो आज खरा केला होता, आणि उद्यापर्यंत ताईला त्यातून बाहेर यायला जागा नव्हती.

तो तिच्या पायांशी बसून ढसाढसा रडला. रडून डोकं हलकं झालं तेव्हा त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. ताईच्या मागच्या भिंतीवर त्याची सावली पडली होती. खिडकीतून येणारं चारचं ऊन, समोर उभा असलेला माणूस, एका हातात डोळ्यांशी धरलेला फोन.

पण तो आता खाली बसला होता. सावली उभी होती.

आणि तिचा दुसरा हात डोक्यावर उगारलेला होता, हातात हातोडा.

हातोडा टेबलावर होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. मग त्याने आठवायचा नीट प्रयत्न केला, आणि फोन आपण एका हाताने धरला होता की दोन्ही, हे त्याला सांगता येईना. तो उठून मधल्या खोलीत गेला. हातोडा टेबलावरच होता. दांड्याला गिलावा लागला होता. पण खोलीत सगळ्यालाच गिलावा लागला होता. तो स्वतःच्या बाजूने वकिली करत होता आणि न्यायाधीशही तोच होता. बेचाळीसची उंची, त्रेचाळीसचा पंजा, शिंपीकाकांची फळी. कोतवाल काय म्हणाला होता? तुमच्या नावाने, तुमच्या मशीनवरून. आणि ताई, जिने त्याला अठ्ठेचाळीस वर्षांत कधी खोटं ठरवलं नव्हतं, तिला पहिल्या दिवसापासून तोच वाटत होता.

ऊन गेलं, अंधार झाला, सकाळ झाली. सावली भिंतीवर तशीच होती.

७

शुक्रवारी साडेतीनपर्यंत तो खुर्चीसमोर बसून होता. एक माशी आली आणि ताईच्या उघड्या डोळ्यावर बसली, फिरली, थांबली. त्याने ती हाकलली. ती परत आली.

त्याच्या हातात फोन होता. तारीख आणखी एक दिवस पुढे टाकायची, पुन्हा चढवायचं, एवढंच काम. मग शनिवारी पुन्हा. तिला काही दुखणार नव्हतं, तिच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. तो रोज पट्टीभोवतीची धूळ पुसेल, माशा वारेल, तिच्याशी बोलेल. सगळी उमर तिने त्याच्यावर घालवली होती, आता त्याने तिला फोटोत बसवून ठेवायचं, आणि तेही अर्ध्या शब्दावर. त्याने फोन खाली ठेवला. ते त्याच्याने होणार नव्हतं.

चार वाजता ती सुटणार आणि तो उगारलेला हात खाली येणार. हात कोणाचा, याबद्दल त्याच्या मनात आता शंका उरली नव्हती, आणि त्याचं त्याला विचित्र समाधान वाटलं. दुसऱ्याचा असता तर तो काय करू शकला असता? आपल्याच हाताचा बंदोबस्त करता येतो.

तो स्वयंपाकघरात गेला. उजवा हात ओट्याच्या कडाप्प्यावर पालथा ठेवला आणि डाव्या हाताने हातोडा उचलला. पहिला घाव भित्रा होता. कातडी फाटली, बोटं आपोआप मागे आली. त्याने हात पुन्हा ठेवला, कोपर पोटाने ओट्याशी दाबून धरलं, दातात फडकं धरलं. दुसऱ्या घावाला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. हाड आतून हिरव्या काटकीसारखं मोडलं. तिसऱ्याला पंजाच्या मधोमध काहीतरी खचलं आणि तो दगडावर ओकला. तो थांबला नाही. अंगठा राहिला होता, आणि नुसत्या अंगठ्याच्या जोरावरही हातोडा धरता येतो. अंगठा सगळ्यात चिवट निघाला. शेवटी ओट्यावर जे पडलं होतं ते कशालाही पकडू शकलं नसतं, तेव्हा त्याने डाव्या हाताने हातोडा खिडकीतून बाहेर फेकला. तो खाली पत्र्यावर आदळल्याचा आवाज त्याने कान देऊन ऐकला.

पंचा गुंडाळून तो पुढच्या खोलीत आला. डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. ताईच्या पायांशी तो बसला आणि डोकं तिच्या गुडघ्याला टेकलं. हातोडा नाही, हात नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

चार वाजले. भुवईवरचा थेंब ओघळला. पदर खाली आला. भिंत रिकामी झाली.

"...हातोडा खाली ठेव आधी," ताईने वाक्य पुरं केलं. मग तिला तो समोर दिसेना, खाली दिसला. "अरे? आणि हे काय? हाताला काय झालं रे तुझ्या?"

"आता काही होणार नाही, ताई. तुझंच खरं होतं. मीच करत होतो सगळं."

तिने पंचा उलगडला. तो हात तिने दोन्ही हातांनी मांडीवर घेतला, वर उचलून छातीशी धरला, तिची साडी रक्ताने भिजली. "वेडा आहेस का रे?" ती रडत म्हणत होती. "मी कोणाला सांगणार नव्हते रे. मी काही म्हटलं असतं का तुला?"

त्याला तिच्या हातांची ऊब लागत होती. त्याने डोळे मिटले.

मधल्या खोलीत ठोका पडला. चौकटीचा गिलावा सुटून जमिनीवर फुटला. मग थोडा वेळ गेला, आणि दुसरा ठोका पडला, पहिल्यापेक्षा जवळ, खालच्या बाजूला.

ताईचं रडणं थांबलं. तिने मांडीवरच्या चेचलेल्या हाताकडे पाहिलं, मग मधल्या दाराकडे.

"अरे, तू तर इथे आहेस," ती म्हणाली. "मग आत कोण ठोकतंय?"